ओशच्या वाटेवरची गोड बातमी

गाडी बिश्केकच्या बाहेर पडून कारा-बाल्टाच्या बाजारापाशी येते न येते, तोच मागच्या सीटवरून चार वर्षांच्या तिलेकने विचारलं, "अजून किती लांब?"

एमिलबेकने आरशातून लेकाकडे पाहिलं. ओश अजून अख्ख्या दिवसाच्या वाटेवर होतं. मध्ये दोन घाट, एक बोगदा, एक माळरान आणि न संपणारं धरण. हे त्या पोराला सांगायची त्याची छाती होईना. "आलंच," तो म्हणाला.

"आलंच म्हणजे या वळणानंतर?"

"या नाही. पण वळणानंतरच."

"बाबा थापा मारतायत," सात वर्षांची आयपेरी म्हणाली. "मागच्या वेळी सकाळी निघालो होतो आणि पोचलो तेव्हा दिवे लागले होते. आणि तिलेक ओकला होता. आईच्या नव्या बुटात."

ओकण्याचं नाव निघताच तिलेकचा चेहरा पडला. सायकालने, म्हणजे त्यांच्या आईने, पुढच्या सीटवरून झटकन पिशवी मागे दिली. "अहो, काहीतरी करा. हा असाच ओशपर्यंत आला तर तुमच्या आई म्हणतील, बघा, शहरात नेऊन पोराची काय दशा केली."

सायकालचं बोलणं काही खोटं नव्हतं. आमच्याकडे धाकट्या मुलाने आईपाशी राहायचं असतं. थोरल्यांनी कुठेही जावं, पण घर धाकट्याचं, अंगण धाकट्याचं आणि म्हातारपणी आईही धाकट्याची. एमिलबेक हे बुरुल आजीचं शेंडेफळ. गेल्या वर्षी त्याला बिश्केकला लिफ्ट दुरुस्तीची नोकरी लागली आणि तो बिऱ्हाड घेऊन निघून गेला. तेव्हापासून बुरुल आजी फोनवर त्याच्याशी तीनच शब्द बोलत असे. "हं", "बरं" आणि "ठेवते". मोठ्या मिनतवारीने या उन्हाळ्यात ती म्हणाली होती, "यायचं तर या. मी कोण सांगणारी?" यालाच आमंत्रण समजून एमिलबेक आठ दिवसांची रजा टाकून निघाला होता. दोन गोजिरवाणी, शहाणी, न ओकलेली मुलं आईपुढे उभी करायची आणि तिचा राग घालवायचा, एवढाच त्याचा बेत होता. आईचा तो "हं" त्याला झोपू देत नव्हता.

मुलांना रमवायचे उपाय सकाळीच सुरू झाले. आधी ट्रक मोजायचा खेळ झाला. एकच ट्रक दोघांनी मोजला, त्यावरून हाणामारी झाली. मग गाणी झाली. तिलेकला गाण्याची एकच ओळ येत होती, ती त्याने घाट चढेपर्यंत म्हटली. मग भेंड्यांसारखा कसलासा खेळ सायकालने काढला, त्यात आयपेरी नियम बदलून जिंकायला लागली. बोगद्यात शिरल्यावर दोघं घाबरून गप्प झाली. हा बोगदा ओशपर्यंत असता तर किती बरं झालं असतं, असं एमिलबेकला मनापासून वाटलं. पण तो संपला, समोर सुसामीरचं हिरवंगार माळरान उलगडलं, आणि मागून आवाज आला, "अजून किती लांब?"

तेव्हा एमिलबेकला ती कल्पना सुचली. नसती सुचली तर बरं झालं असतं.

"हे बघा," तो म्हणाला, "आपण सुयुन्चू खेळू. खिडकीतून बघायचं. काही चांगलं दिसलं की ओरडायचं, 'सुयुन्चू!' आणि बातमी सांगायची. बातमी गोड असली की आई एक कुरुत देणार."

खेळ मुलांना शिकवावा लागला नाही. गोड बातमी आमच्याकडे कोणी फुकट आणत नाही. शेजारणीला नातू झाला, हरवलेली घोडी सापडली, मुलगा परीक्षेत पास झाला, की सांगणारा दारातूनच "सुयुन्चू!" ओरडतो, आणि ऐकणाऱ्याला आधी खिशात हात घालावा लागतो. सायकालच्या मांडीवर कुरुतची, म्हणजे वाळवलेल्या दह्याच्या खारट गोळ्यांची पिशवी होती. ती तिने उघडली.

"सुयुन्चू! घोडा!" तिलेक ओरडला.

"मिळाला कुरुत."

"सुयुन्चू! अजून एक घोडा!"

"सुयुन्चू! घोड्याचं पिल्लू! पिल्लाचे दोन द्यायचे!"

सुसामीरच्या माळावर उन्हाळ्यात घोड्यांना काय तोटा! बघता बघता पिशवी निम्मी झाली. एमिलबेकला पुढचा सगळा रस्ता आणि त्यावरचे सगळे घोडे दिसायला लागले. त्याने नियम कडक केले. "घोडा ही बातमी नाही. घोडा कालही इथेच होता. बातमी कशी पाहिजे? ऐकणाऱ्याचं काळीज फुललं पाहिजे. मोठी बातमी आणा, मोठं बक्षीस मिळेल."

"घोड्याहून मोठं?" तिलेकने विचारलं. "उंट?"

आयपेरी मात्र विचारात पडली. "आई, सगळ्यात मोठी बातमी कोणती असते?"

सायकाल खिडकीला डोकं टेकून बसली होती. घाटाने तिलाही मळमळत होतं. "तुझ्या आजीला विचार," ती वैतागून म्हणाली. "त्यांच्या लेखी जगात एकच गोड बातमी आहे. आपण चंबूगबाळं उचलून कायमचं ओशला राहायला गेलो तर."

"अगं, मुलांसमोर कशाला?" एमिलबेक पुटपुटला. थोड्या वेळाने आयपेरीने फोटो बघायला आईचा फोन मागितला. माळावर रेंज नव्हती, कार्टून लागणार नव्हतं, म्हणून सायकालने तो देऊन टाकला. आयपेरी खिडकीकडे तोंड करून हळू आवाजात काहीतरी बोलत राहिली. तिलेक कुरुत चोखत पेंगायला लागला. गाडीत कधी नव्हे ती शांतता पसरली. मूल गप्प आहे म्हटल्यावर ते काय करतंय हे विचारू नये, असं नवराबायको दोघांनीही न बोलता ठरवून टाकलं.

दुसऱ्या घाटाच्या माथ्यावर रेंज एकदा येऊन गेली होती; आता घाट उतरून धरणाचं निळं पाणी दिसायला लागलं तशी ती पुन्हा आली. सायकालच्या फोनला जणू कंठ फुटला. टिंग, टिंग, टिंग, थांबेचना. "काय झालं काय?" म्हणून तिने तो मागे हात करून घेईपर्यंत रस्त्याच्या मधोमध एक आडदांड माणूस दोन्ही हात पसरून उभा राहिलेला दिसला. एमिलबेकने करकचून ब्रेक मारला. तो कालमुरात दादा होता, एमिलबेकचा चुलतभाऊ. धरणाच्या काठी तळलेल्या माशांची टपरी चालवायचा.

"उतर!" दादा गरजला. एमिलबेक उतरला तसा दादाने त्याला छातीशी आवळलं, इतकं की मासळीच्या वासाने त्याचा जीव घाबरा झाला. "शाब्बास रे माझ्या वाघा! शेवटी रक्ताने ओढ घेतलीच!"

"कसली ओढ?"

"वा रे वा! आता मलाच विचारतोय. सगळ्या खानदानाला कळलंय." दादाने खिशातून फोन काढला आणि नातेवाइकांचा ग्रुप उघडला. त्या ग्रुपवर आवाजी निरोप पुढे कसा पाठवायचा, हे बुरुल आजीला खुद्द एमिलबेकनेच शिकवलं होतं. आधी आयपेरीचा आवाज आला. "सुयुन्चू, आजी! आम्ही ना, कायमचे तुझ्याकडे राहायला येतोय. बाबापण! मला काहीतरी मोठ्ठं दे. कुरुत नको, कुरुत खूप झाले." आणि त्याच्याखाली बुरुल आजीचा, रडून चिरकलेला: "ऐका रे सगळ्यांनी, ऐका! माझं कोकरू घरी येतंय!"

एमिलबेक रस्त्याकडेच्या कठड्यावर मटकन बसला. वर्षभर "हं" आणि "बरं" ऐकलेल्या त्याच्या कानात ते "कोकरू" जाऊन बसलं. आई त्याला लहानपणी तशी हाक मारायची. त्याचे डोळे भरून आले. दादाला वाटलं, हे आनंदाचे अश्रू, म्हणून तोही शेजारी बसून रडायला लागला.

"दादा, जरा ऐक, ती पोरगी..." एमिलबेकने सुरुवात केली.

"काही बोलू नकोस. मला कळतंय." दादाने डोळे पुसले, टपरीकडे वळून शीळ घातली, आणि त्याच्या बायकोने रंगीत गाद्यांची चळत बाहेर आणली. "संसार नव्याने मांडताय, भावाकडून एवढं राहू दे." नको नको म्हणेपर्यंत गाद्या टपावर बांधल्या गेल्या आणि कागदात गुंडाळलेले मासे सायकालच्या मांडीवर आले.

गाडी पुढे निघाली. 

"सांगितलं का नाही?" सायकालने विचारलं.

"तू ऐकलंस ना आईला?"

"ऐकलं.  पण अहो, तुमची नोकरी, माझी नोकरी, हिची शाळा! पुढच्या सोमवारी काय करणार आहात? ओशला बसून गाद्या मोजणार?"

"जलालाबाद येऊ दे. तिथून शांतपणे फोन करतो." मग त्याने आवाज कडक करायचा प्रयत्न केला. "आयपेरी! खोटी बातमी का दिलीस?"

"तुम्हीच म्हणालात, ऐकणाऱ्याचं काळीज फुललं पाहिजे," आयपेरी म्हणाली. "आजीचं फुललं की नाही?"

एमिलबेकने पुढच्या ट्रकला उगाचच हॉर्न दिला.

जलालाबादला फोन करायला गाडी थांबवावी लागली नाही. झुरा आत्यानेच ती थांबवली. रस्त्यात रंगवलेली लाकडी पेटी आडवी टाकून ती तिच्यावर बसली होती, आणि हातात दोरी होती. दोरीच्या दुसऱ्या टोकाला मेंढा होता.

"आत्या, हे काय?"

"काय म्हणजे? तुझ्या आईने गल्लीभर जेवणं सांगितलीत. एका मेंढ्यात भागेल का? हा दुसरा." आत्याने एमिलबेकचे गाल ओढले. "वहिनीला मी नेहमी सांगायची, धाकटा परत येईल, धीर धर. ती म्हणायची, नाही येणार. कोण जिंकलं सांग?"

"आत्या, मला एक बोलायचंय."

"ते ओशला पोचून बोल. सूर्य चाललाय. मागचं दार उघड."

नव्या संसारासाठी आणलेली पेटी मुलांच्या पायाखाली बसली. मेंढा मागच्या डिकीत, सीटच्या पाठीवर हनुवटी टेकून उभा राहिला, आणि थेट दोन मुलांच्या मध्ये त्याचं तोंड आलं. त्याने तिलेकच्या कानाचा वास घेतला. तिलेक खुदकन हसला. आयपेरीने त्याला कुरुत दिला. त्याने तो खाल्ला. ट्रक, गाणी, भेंड्या, सगळं करून जे जमलं नव्हतं, ते त्या मेंढ्याने चुटकीसरशी केलं. तिलेकने त्याचं नाव 'लिफ्ट' ठेवलं, कारण बाबांच्या कामात त्याला तेवढीच एक गोष्ट माहीत होती. तिथून ओशपर्यंत "अजून किती लांब" एकदाही ऐकू आलं नाही. उलट उझगेनपाशी तिलेक म्हणाला, "इतक्यात पोचू नका ना."

एमिलबेकच्याही मनात नेमकं तेच होतं.

पण ओश आलं. डोंगराच्या पायथ्याची ती गल्ली आली, आणि गल्लीत पाऊल ठेवायला जागा नव्हती. चुलाणावर कढई चढली होती, बाया कांदे चिरत होत्या, आणि गल्लीतले सगळ्यात वडीलधारे सातार आजोबा पांढरी टोपी घालून मानाच्या जागी बसले होते. टपावर गाद्या, आत पेटी आणि मागे मेंढा घेऊन आलेली ती गाडी पाहिल्यावर, कोणाच्या मनात थोडी शंका असली तर तीही गेली. "बिऱ्हाडच आणलं की!" कोणीतरी ओरडलं आणि बुरुल आजी नवा रुमाल बांधून पुढे आली. तिने लेकाला मिठी मारली, सुनेचे मुके घेतले, नातवंडांना हुंगलं आणि सगळ्यांसमोर मोठ्यांदा रडली.

मग तिने एमिलबेकचं मनगट धरलं. "चल जरा, पिठाचं पोतं उचलायचंय," असं म्हणून त्याला आणि सायकालला स्वयंपाकघरात नेलं, दार लावलं आणि डोळे पुसून हळूच विचारलं, "आता खरं सांग. किती दिवस?"

"आई, किती दिवस म्हणजे..."

"मला शेंडी लावू नकोस. पोरगी कुरुतासाठी काहीही बोलेल, तुझ्यावरच गेलीय. रजा किती?"

एमिलबेकने मान खाली घातली. "आठ दिवस. आई, मला माफ कर. मी दिवसभर सांगायचं सांगायचं म्हणत..."

"आठ!" बुरुल आजी पिठाच्या पोत्यावर बसली आणि तिने छातीवर हात ठेवला. "अल्लाचे उपकार."

नवराबायको एकमेकांकडे बघत राहिली.

"असे बघू नका," आजी म्हणाली. "पोरीचा निरोप ऐकला तेव्हा मी खरंच रडले. ग्रुपवर टाकला. मग आत जाऊन मोठ्या खोलीत डोकावले आणि पुन्हा रडले. ते रडणं निराळं होतं. त्या खोलीत मी दोन मुली ठेवल्यात, नर्सचं शिकणाऱ्या. गुणाच्या आहेत. रोज रक्तदाब बघतात. संध्याकाळी आम्ही तिघी मालिका बघतो, आवाज मोठा करून. वाटलं तर शेवया, नाहीतर नुसता चहा-पाव. पन्नास वर्षं मी पहाटे उठून दुसऱ्यासाठी पाव भाजले रे. आता सूर्य माझ्या आधी उठतो."

"मग वर्षभर फोनवर ते हं, बरं, ठेवते?"

"नाहीतर काय करू? धाकटा लेक घर सोडून गेला आणि आई खिदळतेय, असं गल्लीने म्हणायचं? पलीकडची शेजारीण भिंतीला कान लावून असते. आणि मालिकेच्या वेळेलाच तुझा फोन यायचा, तो भाग वेगळा."

"आई, वर्षभर मला झोप नाही!"

"मला काय माहीत? मला होती." मग तिचा आवाज जरा उतरला आणि तिने त्याच्या केसांतून हात फिरवला. "पहिले दोन महिने नव्हती. तुझा पेला मी रोज घासून ठेवायची. खोटं कशाला बोलू?"

एमिलबेकला हसावं की रडावं कळेना, म्हणून त्याने दोन्ही केलं. सायकालने सासूला मिठी मारली, इतकी मनापासून तिने लग्नातही मारली नव्हती.

तेवढ्यात अंगणातून सातार आजोबांची हाक आली. "बुरुल! लेकाला आण बाहेर! दुवा द्यायची आहे, हा पुन्हा कधी हे घर सोडणार नाही म्हणून!"

तिघांचे चेहरे उतरले. वडीलधाऱ्यांनी हात उचलून दुवा दिली आणि सगळ्या गल्लीने 'ओमीन' म्हटलं, की मग विषयच संपला. ती मोडून आठ दिवसांनी गाडी कोण बाहेर काढणार?

"सांगून टाकू," एमिलबेक म्हणाला.

"गल्ली फाडून खाईल तुला," आजी म्हणाली. "आणि मला आधी. जेवणं मी सांगितलीत." ती विचार करत उठली. दार किलकिलं करून तिने हाक मारली, "आयपेरी, इकडे ये माझी साखर. अजून एक सुयुन्चू द्यायची आहे. पळत जायचं आणि मोठ्यांदा सांगायचं. देशील?"

आयपेरी आली. तिने सगळ्यांच्या तोंडाकडे बघून बाजार ओळखला. "मला काय मिळेल?"

"हा घे, कुरुत."

"कुरुत नको. लिफ्टला कापायचं नाही."

"लिफ्ट कोण?"

"मेंढा," सायकाल आणि एमिलबेक एकदम म्हणाले.

आजीने एक उसासा सोडला. "नाही कापत. दे वचन म्हणशील तर वचन." मग ती नातीच्या कानात कुजबुजली. आयपेरी वाऱ्यासारखी अंगणात गेली आणि तिचा आवाज आला, "सुयुन्चू! सुयुन्चू! बाबा आजीलाच बिश्केकला न्यायला आलेत! आजी आमच्याबरोबर येणार!"

 मग अंगणात एकच गलका झाला. लेक आला तो आईला घेऊन जायला! राजधानीत! बाया रुमालाने डोळे पुसू लागल्या, आणि पलीकडची शेजारीण "माझा मेला असा नाही हो" म्हणून सगळ्यांत जास्त रडली. सातार आजोबांनी तळवे वर केले आणि बुरुलच्या सुखरूप प्रवासाची लांबलचक दुवा दिली. सगळ्या गल्लीने ओमीन म्हटलं.

स्वयंपाकघरात एमिलबेक गहिवरला होता. "आई, खरंच येशील?"

"दुवा झाली, आता न जाऊन करते काय? आठ दिवस येईन. मग शहराची हवा मानवली नाही म्हणून परत. मुलींना मालिका नीट बघून ठेवायला सांगेन."

आठ दिवसांनी सकाळी गल्लीने गाडी वाटेला लावली. लिफ्ट अंगणातल्या जर्दाळूखाली राहिला, नर्सचं शिकणाऱ्या मुलींच्या देखरेखीखाली. गाद्या पुन्हा टपावर चढल्या, कारण आजीला शहरातल्या पलंगावर झोप लागणार नव्हती. बुरुल आजी मागच्या सीटवर दोन नातवंडांच्या मध्ये, मांडीवर बोचकं घेऊन, ऐटीत बसली आणि शेजारणीला दिसेनाशी होईपर्यंत रुमाल हलवत राहिली.

आरशात आईचा चेहरा बघताना एमिलबेकला वाटलं, वर्षभरात इतकं हलकं आपल्याला कधी वाटलं नव्हतं. गाडी बाजार ओलांडून पहिल्या वळणाला लागली. तिलेकने तोंड उघडलं, पण त्याच्या आधीच मागून आवाज आला.

"एमिल, बाळा," बुरुल आजी म्हणाली, "अजून किती लांब?"